माघ-फाल्गुनात कोकणातला वारा कधी फिरेल, हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात, किनाऱ्यापासून चारेक किलोमीटर आत, सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) हापूसची बाग आहे. भावाची छोटी यांत्रिक होडी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत मोबाइलवरचा अंदाज तापमानात चार-पाच अंशांनी चुकतो आणि वाऱ्याची वेळ तर बरोबर येतच नाही. हिमाचलात बर्फ पडला की आपल्याकडे थंडी येते म्हणतात ते खरं का, आणि घरी बसून नेमकं काय बघावं?

या दिवसांत कोकण किनाऱ्याचा अख्खा अंदाज एकाच गोष्टीवर ठरतो: खारा वारा, म्हणजे दिवसा समुद्राकडून जमिनीवर येणारं खारं, किती वाजता लागणार. तापमान, हवेतला दमटपणा, समुद्रातली दुपारची लाट, फवारणीची वेळ, सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून अंदाज उघडला की पहिल्यांदा वाऱ्याची दिशा बघा, मग वेग, आणि तापमानाचा आकडा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये किनाऱ्यालगतच्या समुद्राचं पाणी साधारण २७-२८ अंशांवर असतं आणि दिवसभरात फारसं हलत नाही. जमीन मात्र, त्यातही जांभ्याचा उघडा सडा, सकाळी नऊपासूनच तापायला लागतो. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा आत शिरते. खारं अकरा-साडेअकराला लागलं तर कमाल तापमान ३१ ते ३३ वर अडतं. तेच अडीचला लागलं तर मधल्या तीन तासांत पारा ३७-३८ गाठतो. म्हणजे वेळेत तीन तासांची चूक झाली की तापमानात पाच अंशांची चूक होते. तुमच्या मोबाइलवरच्या चुकीचं मूळ इथे आहे.

खाऱ्याला उशीर कशामुळे होतो? घाटावरून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यामुळे. इथे दोन वेगळे वारे आहेत आणि दोन्ही पूर्वेकडूनच येतात, त्यामुळे गफलत होते. पहिला मतलई. रात्री जमीन निवते आणि पहाटे हवा खाडीच्या दिशेने, समुद्राकडे वाहते. हा वारा मंद, गार आणि उंचीला फार तर काही शे मीटर असतो. ऊन चढलं की नऊ-दहाला पडतो. दुसरा घाटाचा पूर्वेचा वारा, जो दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला असतो. सकाळी सात वाजता दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो नऊ ते दहाच्या दरम्यान. ऊन वर येताना पूर्वेचा वारा मरायला लागला तर तो मतलई होता, खारं वेळेवर लागेल. ऊन वर येताना त्याचा जोर वाढला, झाडाची पानं उलटी व्हायला लागली, हवा कोरडी झाली, तर वरचा वारा खाली उतरतोय असं समजा. जमीन तापली की हवा वर-खाली घुसळली जाते आणि वरच्या थरातला वेग खाली येतो, म्हणून असं होतं. त्या दिवशी एक-दीडच्या आत खाऱ्याची वाट बघू नका.

हे आदल्या दिवशी कळायला हवं असेल तर विंडीसारख्या ॲपमध्ये उंची बदलून बघा. जमिनीलगतचा वारा न बघता साधारण ७५० मीटर आणि १५०० मीटर उंचीवरचा वारा सकाळी साडेअकराच्या वेळेला लावा. १५०० मीटरचा थर म्हणजे हवामानवाल्यांचा ८५० हेक्टोपास्कलचा (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं एकक). ७५० मीटरला पूर्वेचा वारा १० नॉटच्या (ताशी सुमारे १८ किलोमीटरच्या) आत असेल तर खारं फार अडत नाही. १५ नॉटच्या आसपास असेल तर दुपार होते. २० नॉटच्या वर असेल तर किनाऱ्याला उशिरा लागतं आणि आत कणकवली, चिपळूणपर्यंत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, कधी पोचतही नाही. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे, पण ॲपवरच्या तापमानाच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे.

कमाल तापमान किती चढेल, याचाही हिशेब घरी होतो. कोरडी हवा खाली उतरताना दर १०० मीटरला जवळजवळ १ अंशाने तापते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर, पुणे ५६० मीटरवर. त्यामुळे पूर्वेचा वारा खोलवर भरलेला असेल तेव्हा कोल्हापूरच्या अपेक्षित कमाल तापमानात साडेपाच मिळवा. तिथे ३३ असेल तर खारं लागेपर्यंत तुमच्याकडे ३८ च्या पुढे जाण्याची ताकद त्या हवेत आहे. दुसरा ताळा: १५०० मीटरवरच्या तापमानात १४-१५ मिळवा. दोन्ही उत्तरं अंशभराच्या फरकाने जुळली तर आकडा पक्का. आता हा आकडा गाठायला किती तास मिळतात, ते पुन्हा खाऱ्याच्या वेळेवर आलं.

भारतीय हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकष किनारपट्टीसाठी वेगळा आहे, तो लक्षात ठेवा. मैदानी भागात किमान ४० अंश लागतात. किनाऱ्यावर कमाल तापमान ३७ किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असलं की निकष लागू होतो. त्यामुळे फेब्रुवारीतसुद्धा इशारा येऊ शकतो, आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-ठाण्यासह कोकणाला तसा इशारा दिलाही गेला होता. हे आजकालचंच आहे असंही नाही. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २५ फेब्रुवारी १९६६ ला ३९.६ आणि २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंशांची नोंद आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना एवढा पारा चढतो तो वाऱ्याच्या दिशेमुळे.

आता बर्फाचं. बर्फ आणि आपली थंडी यांचा संबंध आहे, पण बर्फामुळे थंडी येते असं नाही. दोन्ही एकाच यंत्रणेची लेकरं आहेत. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलवर येतात, तिथे बर्फ पाडतात, आणि त्यांच्या पाठीमागे थंड, कोरडी हवा राजस्थान-गुजरातवरून खाली घसरते. बर्फाची बातमी आली की दोन ते चार दिवसांत कोकणात फरक दिसतो, आणि तो एका ठरावीक क्रमाने दिसतो.

विक्षोभ उत्तरेला येत असताना आकाशात उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग येतात, कधी चंद्राला खळं पडतं, रात्री उबदार आणि चिकट होतात, खारं लवकर लागतं. विक्षोभ पुढे सरकला की एक-दोन दिवस वायव्येचा, उत्तरेचा वारा जोर धरतो. मच्छीमार ज्याला उपरचा वारा म्हणतात तो हाच. त्यानंतर गुजरात-मध्य प्रदेशावर जास्त दाबाचं क्षेत्र बसतं आणि वारा ईशान्येला, मग पूर्वेला वळतो. इथे फसायला होतं. पूर्वेचा वारा लागला की पहाटे गारठा असतो. दापोलीसारख्या उंचावरच्या, किनाऱ्यापासून आत असलेल्या ठिकाणी तर शेकोटी लागते. बातम्यांत ‘थंडी परतली’ येतं आणि लोक निर्धास्त होतात. पण जानेवारीत जी हवा दिवसाही सुखद असते, तीच कोरडी हवा फेब्रुवारी संपताना दुपारी भाजून काढते. गार पहाट आणि होरपळणारी दुपार ही एकाच पूर्वेच्या वाऱ्याची दोन टोकं आहेत. पहाटेचं किमान तापमान नेहमीपेक्षा चार-पाच अंशांनी खाली गेलेलं दिसलं, तर त्याच दिवशी दुपारची काळजी घ्या.

याच वाऱ्यांबरोबर कधी धूळही येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून उठलेलं धुळीचं वादळ सौराष्ट्रावरून मुंबईपर्यंत आलं होतं आणि दिवसाढवळ्या दृश्यमानता घटली होती.

ॲप का चुकतं ते एकदा समजलं की ते वापरता येतं. ॲपमागचं युरोपीय संगणकीय मॉडेल सुमारे ९ किलोमीटरच्या, अमेरिकेचं जीएफएस १३ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतं. हवामान विभागाने मे २०२५ पासून सुरू केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरची आहे. किनाऱ्यापासून चार किलोमीटरवरची बाग यातल्या ज्या चौकटीत पडते, तिचा बराच भाग समुद्रात असू शकतो. मग मॉडेल तुमच्या बागेला २९-३० अंश दाखवतं आणि बागेत ३७ असतात. उपाय सोपा आहे: बागेवर एक खूण न ठेवता दोन ठेवा, एक दहा किलोमीटर पश्चिमेला पाण्यात आणि एक पंधरा किलोमीटर पूर्वेला जमिनीवर. खारं लागेपर्यंत तुमची बाग पूर्वेच्या खुणेप्रमाणे तापते आणि खारं लागलं की अर्ध्या तासात पश्चिमेच्या खुणेकडे झुकते. दोन खुणांच्या तापमानात दुपारी बारा वाजता सात-आठ अंशांची तफावत दिसत असेल तर तो दिवस जोखमीचा.

खारं लागल्याची खूण आकड्यांत अगदी स्पष्ट दिसते. शेजारच्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद बघा: वारा पूर्वेचा पश्चिमेला फिरतो, तापमान दोन-चार अंशांनी उतरतं, आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं तो अंक, दहा-बाराच्या आसपास असेल तर वीसच्या वर उडी मारतो. तिन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच खारं. नुसता वारा फिरला आणि दवबिंदू जागेवरच असेल तर ती सड्यावरची वावटळ आहे. किनाऱ्यावर उभे असाल तर डोळ्यांनीही दिसतं: जवळचं पाणी तेलासारखं सपाट, आणि दोन-तीन किलोमीटरवर गडद, चुरचुरीत पाण्याची एक रेघ. ती रेघ किनाऱ्याकडे सरकायला लागली की पाऊण तासात वारा अंगावर येतो. आणि क्षितिजावर तपकिरी, धुरकट पट्टा दिसत असेल तर जमिनीवरची धूळ-धूर वरच्या पूर्वेच्या वाऱ्याने समुद्रावर ढकललाय. रेघ यायला वेळ आहे.

खाऱ्याची आघाडी जमिनीवर साधारण ताशी १० ते १५ किलोमीटरने आत सरकते. देवगडला बाराला लागलं तर कणकवलीला अडीच वाजतात. सुरुवातीला वारा सरळ पश्चिमेचा असतो आणि संध्याकाळपर्यंत पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत वायव्येचा होतो.

घरात वायुभारमापक असेल, किंवा फोनमधला दाबाचा सेन्सर वापरत असाल, तर एक चूक टाळा. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. सकाळी दहा ते दुपारी चार यात दोन-तीन हेक्टोपास्कल उतरणं हे रोजचंच आहे. ते बघून ‘दाब पडला, वादळ येणार’ असा निष्कर्ष काढला की फजिती होते. आजचे साडेआठ कालच्या साडेआठशीच ताडून बघा. त्याहून उपयोगी म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला अहमदाबादचा दाब आणि पणजीचा दाब यांची वजाबाकी. अहमदाबाद चार हेक्टोपास्कलने किंवा जास्त वर असेल तर पूर्वेचा वारा भक्कम आहे. ही तफावत रोज कमी होत असेल तर खारं रोज थोडं लवकर लागत जाईल. जुना नियमही कामाचा आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब डाव्या हाताला असतो. हा नियम मोकळ्या वाऱ्याचा आहे. मतलई आणि खाऱ्याला लावू नका.

होडीसाठी हिशेब थोडा वेगळा. खाऱ्याचा जोर दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतो, एरवी १० ते १५ नॉट. पण विक्षोभानंतरचा उपरचा वारा आणि खारं दोन्ही वायव्येकडून एकत्र आले की २० नॉट सहज होतात आणि झोत त्याहून वर जातात. ॲपवर दिसतो तो सरासरी वेग. झोताचा आकडा वेगळा उघडून बघावा लागतो. एकक पण तपासा, १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. १५ नॉटचा वारा सहा तास वाहिला की मीटरभर उंचीची, चार-पाच सेकंदांनी येणारी लाट उठते. ही लाट उंचीने मोठी नाही, पण जवळजवळ येते आणि छोट्या होडीला श्वास घेऊ देत नाही. शिवाय अंदाजातली लाटेची उंची ही सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. मधूनच एखादी जवळपास दुप्पट येते.

दुसरी लाट दुरून येते. इराणच्या आखातात आणि ओमानच्या बाजूला हिवाळ्यात शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. तिथे उठलेली लाट आपल्या किनाऱ्याला येते तेव्हा इथे वारा पडलेला असला तरी समुद्र हलतो. वेळ काढायची असेल तर लाटेच्या सेकंदांना २.८ ने गुणा, तेवढे किलोमीटर ती ताशी पुढे सरकते. ८ सेकंदांची लाट ताशी सुमारे २२ किलोमीटर. १५०० किलोमीटरला जवळजवळ तीन दिवस. ओमानच्या आखातावर आज ३० नॉट दिसले तर तीन दिवसांनंतरची दुपार डोक्यात ठेवा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या समुद्रस्थितीच्या अंदाजात ही दुरून येणारी लाट वेगळी दाखवलेली असते, ती ओळ गाळू नका.

सगळ्यात धोक्याची जागा खाडीचं तोंड. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि समोरून वायव्येचा वारा लाट आत ढकलतो. वारा आणि पाणी आमनेसामने आले की लाट आखूड आणि उभी होते, आणि तोंडावर गाळाचा बांध असेल तर तिथेच फुटते. बाहेर मीटरभर असलेली लाट तोंडावर दीड मीटरची भिंत होऊ शकते. त्यामुळे परतीची वेळ वाऱ्याइतकीच भरती-ओहोटीच्या कोष्टकावर ठरवा. दुपारी तीन ते पाचमध्ये ओहोटी पडत असेल तर एक वाजायच्या आधी खाडीत परत या, नाहीतर भरती लागेपर्यंत बाहेर खोल पाण्यात थांबा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा त्रास बराच कमी असतो.

बागेत फवारणीला सगळ्यात चांगला वेळ म्हणजे मतलई पडल्यानंतर आणि खारं लागण्याआधीचा शांत तास-दीड तास. त्याआधी पानांवर दव असतं, त्यात औषध पातळ होतं. पण पूर्वेचा जोर असलेल्या दिवशी हा शांत तास मिळतच नाही. त्या दिवशी फवारणी पुढे ढकला; दुपारी ३७ अंशांत मोहोरावर आणि कोवळ्या फळावर औषध मारणं झाडाच्या जिवावर येतं. उलट खारं लवकर लागून रात्री शांत आणि दमट जात असतील तर सकाळी उशिरापर्यंत दव राहतं, आणि तेव्हा भुरी-करपा या रोगांकडे बारीक लक्ष हवं.

उष्ण दिवसांचा अंदाज दोन दिवस आधी आला तर पाणी आधीच द्या. फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. यातली एक पाळी उष्ण दिवसांच्या आधी येईल असं बघा. पाणी बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली आळ्यात द्या आणि वर गवताचं आच्छादन घाला. गोटी ते अंड्याएवढ्या फळांना २५ × २० सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या घातल्या तर नैर्ऋत्य बाजूच्या फळांना उन्हाचे चट्टे कमी पडतात, कारण दुपारचं ऊन तिथेच सगळ्यात जास्त लागतं.

तापमापक मात्र नीट लावा. जांभ्याच्या भिंतीवर किंवा पत्र्याखाली लावलेला तापमापक तीन-चार अंश फुगवून सांगतो आणि मग सगळे ताळे बिघडतात. झाडाच्या सावलीत, जमिनीपासून दीडेक मीटरवर, हवा खेळती असेल तिथे, चुन्याने रंगवलेल्या झडपांच्या खोक्यात ठेवा. दिशेसाठी दहा फूट उंच काठीला कापडाची पट्टी पुरते.

मग एका वहीत रोज पाच गोष्टी लिहा: सकाळी साडेआठची वाऱ्याची दिशा आणि दाब, दहा वाजता वारा मरत होता की वाढत होता, खारं लागल्याची वेळ, दिवसाचं कमाल तापमान, आणि आदल्या रात्री ॲपने दाखवलेला आकडा. पंचवीस-तीस दिवसांत तुमच्या जागेची चूक हाताला लागते. उदाहरणार्थ, पूर्वेच्या दिवशी ॲप सरासरी चार अंश कमी दाखवतं आणि पश्चिमेच्या दिवशी अर्धा अंश, असं निघेल. पुढच्या वर्षी ती दुरुस्ती सरळ लावता येते. सगळ्या दिवसांची एकच सरासरी काढू नका. पूर्वेचे दिवस आणि पश्चिमेचे दिवस वेगळे ठेवा, नाहीतर दोन्हीकडची चूक एकमेकांत मिसळून जाते.

किती दिवस पुढचं बघावं, तर वाऱ्याची दिशा पाच-सहा दिवसांपर्यंत बऱ्यापैकी धरता येते, पूर्वेचा वारा किती भक्कम आहे ते तीन दिवसांपर्यंत, आणि खाऱ्याची वेळ फक्त उद्याची. परवाच्या खाऱ्याची वेळ कुठल्याही ॲपवर मिनिटांसकट दिसत असली तरी तिच्यावर मजूर लावू नका. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा कल बघा, आणि शेवटचा निर्णय त्या दिवशी सकाळी दहा वाजता, काठीवरची पट्टी कुठे उडतेय ते बघून घ्या.